टेकू

चिनावलच्या शिवारात, नाल्याच्या चढावर,
एक काळा दगड रात्रीतून घरंगळला
आणि बैलगाडीच्या वाटेत येऊन बसला.
असा बसला, जणू सातबारा त्याच्याच नावावर.

मागे केळीचे घड कापून ठेवलेले,
पुढे सावद्याच्या रस्त्याला ट्रक उभा,
ड्रायव्हर घटकेघटकेला हॉर्न वाजवतोय.
मी तेव्हा सहावीत.
माझं काम घडांखाली पानं अंथरायचं.

आधी यादवकाकांनी खांदा लावला.
मग लीलाधरने. मग दोघांनी मिळून.
मग चौघांनी, "हां, लावा जोर, लावा रे भो!"
दगडाने फक्त त्यांचे सदरे मळवले.

हुरमतबाई तडवी बाजूला उभी राहून बघत होती.
अंगाने काडी. घड वाहायला आलेली,
डोक्यावरची चुंबळही तशीच.
म्हणाली, "पहार आणा कोणी."
"मावशी, वारा सुटला तर तूच उडशील,"
लीलाधर हसला.
पहार मात्र त्यानेच आणली.

तिने पहारीचं टोक दगडाखाली सारलं,
पहारीखाली एक छोटा दगड ठेवला, नारळाएवढा,
आणि दुसऱ्या टोकाला रेटा दिला.
काळा दगड जरा कुरकुरला. पुन्हा बसला.

मग तिने जोर वाढवला नाही.
खाली वाकून तो छोटा दगड
मोठ्या दगडाच्या अगदी जवळ सरकवला,
आणि स्वतः पहारीच्या पार शेवटाला जाऊन उभी राहिली.
दोन्ही हातांनी दाबलं,
पीठ मळताना दाबतात, तेवढंच.

दगड उठला!
बोटभरच. पण उठला.
खालून एक बेडूक निघाला, झोपमोड झालेला.
"कपची सार," ती मला म्हणाली.
मी फटीत कपची सारली.
पुन्हा दाब, पुन्हा कपची. पुन्हा दाब.
चौथ्यांदा दगड कलंडला
आणि गडगडत नाल्यात गेला.

"काय केलं मी, सांग."
"जोर लावलास."
"जोर तर यांनी लावला. मी टेकू हलवला."
मग पदराने हात पुसत,
"दगड किती उठला? बोटभर.
माझे हात किती खाली गेले?
कमरेपासून गुडघ्यापर्यंत.
फुकट नाही मिळत पोरी,
जोर वाचला, तर हात लांब फिरवावा लागतो."

त्या दिवशी तिला मजुरी रोजचीच मिळाली.

संध्याकाळी घरात मला टेकूच टेकू दिसू लागले.
अण्णांचा अडकित्ता:
सुपारी खिळीला चिकटवून धरली तर कटकन फुटते,
टोकाकडे धरली तर अण्णाच दात खातात.
हापशीचा दांडा: एवढा लांब का, ते कळलं.
शाळेतला सी-सॉ: गुणवंत माझ्या दुप्पट वजनाचा,
पण तो मध्याजवळ सरकला, मी टोकाला बसले,
तर दोघं सारखे. तो चिडतो, ते वेगळं.

चिमट्याने मात्र घोळ घातला.
आई पऱ्हाटीच्या काड्यांवर भरिताची वांगी भाजत होती.
चिमट्याचा टेकू मागे, वांगं पुढे, बोटं मधे,
म्हणजे जोर उलट जास्तच लागतो!
मग कशाला हवा चिमटा?
"हाताने फिरवून बघ," आई म्हणाली.
नाही फिरवलं.
प्रत्येक वेळी जोरच वाचवायचा असतो असं नाही,
कधी बोटं वाचवायची असतात.

रात्री अंथरुणात हात दुमडून बघितला.
कोपर. तोही टेकूच.
आपण आपला टेकू घेऊनच हिंडत असतो.

सातवीत धडा आला: तरफ. टेकू, भार, बल.
नावं नवी, ओळख जुनी.
परीक्षेत विचारलं, तरफेचं एक उदाहरण द्या.
वर्गाने लिहिलं, कात्री.
मी लिहिलं, हुरमतबाईची पहार.
सरांनी लाल शाईत शेजारी विचारलं,
"टेकू कोणता?"

सर, तो नारळाएवढा दगड.
कोणी उचलला नसेल,
तर अजून तिथेच असेल, चढावर.